ट्रिकसीन

शाळेच्या टाइमटेबलात ड्रॉइंगचा तास हा पाहुण्यांच्या खोलीसारखा असतो. कुणीही यावं आणि राहावं. गणिताच्या मास्तरांचा पोर्शन मागे पडला, की ते ड्रॉइंगचा तास मागतात. सायन्सच्या बाईंना जर्नलं तपासायची असली, की त्या ड्रॉइंगचा तास मागतात. आणि स्नेहसंमेलन जवळ आलं, की तास आणि मास्तर दोन्ही मागितले जातात. पस्तीस वर्षं मी हा तास चालवला. म्हणजे चालवायला मिळाला तेव्हा चालवला. पण एक गोष्ट नमूद करून ठेवतो. मुलं माझ्या तासाला जेवढी खूश असायची तेवढी मधल्या सुट्टीतही नसायची, आणि याचं श्रेय माझ्या चित्रकलेकडे जात नाही. ते जातं ट्रिकसीनकडे.

हा शब्द आता मागे पडला. आता त्याला स्पेशल इफेक्ट म्हणतात. पूर्वी पौराणिक सिनेमाच्या जाहिरातीत ट्रिकसीनचा उल्लेख असला, की एरवी सिनेमाला नावं ठेवणारी आमची आजीसुद्धा लुगडं बदलून तयार व्हायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालच्या ‘लंकादहना’त मारुती उडवला तेव्हापासून आपल्या लोकांना ही चटक आहे. पुढे १९३७ साली ‘ख्वाब की दुनिया’त बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू अधांतरी हलवून दाखवल्या, आणि त्यांना ‘काला धागा’ असंच नाव पडलं. एका माणसाला धाग्याचं नाव मिळावं, यापेक्षा मोठी पदवी माझ्या माहितीत नाही.

माझ्या वर्गातलं ट्रिकसीन याहून स्वस्त होतं. जुना टूथब्रश रंगात बुडवायचा आणि कंगव्यावर घासायचा, की कागदावर बारीक तुषार उडून आभाळ तयार. (शर्टावर उडायचे ते वेगळे. त्याबद्दल पालक भेटायला येत.) कोऱ्या कागदावर मेणबत्तीने चित्र काढायचं आणि वरून निळ्या जलरंगाचा हात द्यायचा, की न दिसणारे मासे एकदम पोहायला लागत. आडव्या कापलेल्या भेंडीचे ठसे तर काय, अन्नपूर्णेचाच छापखाना. शाईत भिजवलेला दोरा घडी घातलेल्या कागदात ठेवून ओढला, की दोन्हीकडे सारखं फूल उमटे, आणि वर्गातला सर्वात ढ मुलगा स्वतःकडे कौतुकाने बघे. पाण्यावर तेलरंगाचे चार थेंब सोडून वर कागद टेकवला, की संगमरवर. सगळ्या इफेक्टांचा मिळून खर्च, भेंडी घरून आणली तर, दीड रुपया.

तर अशा या तयारीच्या माणसाला नातीने आपला आयपॅड वापरायला दिला. त्यात प्रोक्रिएट नावाचं चित्र काढायचं ॲप आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथल्या होबार्ट गावच्या मंडळींनी ते २०११ साली काढलं. त्यासाठी एक पांढरी पेन्सिल असते. तिला टोक काढावं लागत नाही, हे कळल्यावर मला आधी वाईटच वाटलं. माझ्या तासाला निम्मा वर्ग कचऱ्याच्या डब्याभोवती टोक काढत उभा असे; चित्रकलेतली सगळी चर्चा तिथेच व्हायची.

“आजोबा, चुकलं तर दोन बोटं टेकवायची,” नात म्हणाली. टेकवली. मघाशी काढलेली रेघ गेली. पुन्हा टेकवली, त्याआधीची गेली. असं अडीचशे पावलं मागे जाता येतं म्हणे. तीन बोटं टेकवली तर गेलेलं परत येतं. मात्र चित्र मिटून बाहेरच्या गॅलरीत गेलात, की मागचे दोर कापले. आहे ते पक्कं. हे मला आवडलं. आमच्या वेळी खोडरबर जास्त वापरला तर कागदाला भोक पडायचं, आणि भोक हा खाडाखोडीचा कायमचा पुरावा असायचा. गॅलरीत जाण्याआधी विचार कर, एवढी तरी शिस्त यंत्राने ठेवली आहे.

मग तिने वरच्या कोपऱ्यातलं एक चिन्ह दाखवलं. जादूची कांडी! खरोखरच कांडीचं चित्र आहे तिथे. त्यावर टिचकी मारली की इफेक्टांची यादी खाली उतरते. एक निवडायचा आणि काचेवरून बोट उजवीकडे सरकवायचं. वर टक्के दिसतात. डावीकडे आणलं की टक्के उतरतात. परीक्षेत इतक्या सहज टक्के वाढताना मी कधी पाहिले नव्हते.

पहिलाच इफेक्ट गॉशियन ब्लर. म्हणजे चित्र धूसर करणे. हे गॉस कोण, म्हणून चौकशी केली तर थोर निघाले. कार्ल फ्रीडरिश गॉस, १७७७ ते १८५५, जर्मनीचे गणिती. युरो येण्यापूर्वी तिथल्या दहा मार्कांच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं, आणि शेजारी त्यांची घंटेच्या आकाराची वक्ररेषाही होती. धूसर करताना तीच रेषा कामाला येते. चित्रातला प्रत्येक ठिपका आपला रंग आणि शेजाऱ्यांचे रंग यांची सरासरी काढतो. जवळच्या शेजाऱ्याचं वजन जास्त, लांबच्याचं कमी. किती कमी, ते ती घंटा सांगते. वाचून मी म्हटलं, ही तर आमची गिरगावातली चाळ! शेजारच्या खोलीत सुकट भाजली की आमच्या वरणाला सुकटीची चव यायची. चार खोल्या सोडून भाजली तर नुसता संशय यायचा. वरच्या मजल्यावर भाजली तर कळायचंही नाही. आणि टक्के फार वाढवले, तर कुणाचं बिऱ्हाड कुठलं हेच समजत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत आमची चाळ शंभर टक्क्यांवर असे.

त्याच्या खाली ‘नॉइज’. गुळगुळीत चित्रावर कण टाकणे. म्हणजे आमचा टूथब्रश. त्याच्या खाली ‘ब्लूम’. उजेडाच्या कडा फुलवून चित्राला तेज आणणे. पूर्वी नायिकेचा क्लोजअप घ्यायचा असला, की कॅमेरामन भिंगापुढच्या काचेला व्हॅसलीन फासत नाहीतर जाळीदार कापड ताणत. त्यात तिच्या वयातली पाच-सात वर्षं विरघळून जात. ब्लूमसकट चार इफेक्ट या यादीत २०२० साली दाखल झाले. राहिलेले तीन पाहिले मात्र, माझ्या मनात एक शंका शिरली.

पहिला ‘हाफटोन’. यात चित्राचे ठिपके ठिपके होतात. ‘न्यूजपेपर’ असा पर्यायच आहे. आता हाफटोन म्हणजे काय, हे ब्लॉकमेकरच्या दुकानात उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. छापखान्याची शाई एकतर लागते नाहीतर लागत नाही. करडी शाई असा प्रकार तिथे नाही. तेव्हा काळोख हवा तिथे मोठे ठिपके, उजेड हवा तिथे बारीक, आणि बाकीचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी असं छायाचित्र छापलं. आपल्याकडे कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय यांनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, १८९५ साली या कामाची पेढी काढली आणि जाळीच्या तंत्रावर असे लेख लिहिले, की विलायतेतल्या छपाईच्या वार्षिकाने ते छापले. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच होता, ठिपका दिसू नये. आणि इथे बोट सरकवून ठिपका मोठा करायचा!

दुसरा इफेक्ट ‘क्रोमॅटिक ॲबरेशन’. नाव उच्चारताना दातांची कवळी सांभाळावी लागते, पण काम साधं आहे. वस्तूच्या एका कडेला लाल झाक आणि दुसऱ्या कडेला निळी. भिंगातून जाताना वेगवेगळे रंग कमीजास्त वाकतात, त्यामुळे दुर्बिणीतल्या चंद्राला अशी झालर दिसायची. न्यूटनसारख्या माणसाने यापुढे हात टेकले. ही खोड भिंगाला आहे आणि ती जायची नाही, असं म्हणून त्याने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली. पुढे दोन प्रकारच्या काचा जोडून झालर घालवायची युक्ती निघाली. डॉलंड या चष्मेवाल्याने १७५८ साली तिचं पेटंट घेतलं. मधे नव्वद वर्षं गेली. आमच्याकडच्या कॅलेंडरांवर दुसऱ्या कारणाने हाच प्रकार दिसायचा. छापताना रंगांचं रजिस्टर जुळलं नाही, की लक्ष्मीचे ओठ गालावर जात. मशीनमनला शिव्या बसत. तीच गोष्ट आता माझी नात तेरा टक्के करून म्हणते, “बघा आजोबा, किती भारी दिसतं!”

तिसरा ‘ग्लिच’. चित्र मधेच फाटणं, सरकणं, त्यावर आडव्या पट्ट्या येणं. त्यातल्या एका प्रकाराचं नाव ‘सिग्नल’. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. नंतरच्या काही वर्षांत आमच्या घरी टीव्ही आला, तेव्हापासून हा इफेक्ट आम्ही रोज फुकट पाहिला आहे. थोरला भाऊ गच्चीवर अँटेनाला धरून, मी जिन्यात, वडील टीव्हीपुढे. “आलं का?” “आलं, आलं… गेलं!” एकदा भावाने हात वर करून एका पायावर उभं राहिल्यावर निवेदिकेचा चेहरा स्वच्छ दिसला, आणि वडिलांनी निरोप पाठवला, बातम्या संपेपर्यंत असाच राहा.

माझी शंका ती हीच. या कांडीतल्या बऱ्याचशा जादू म्हणजे कुणाच्या तरी आयुष्याची डोकेदुखी आहे. जे घालवण्यासाठी भिंगवाले, ब्लॉकवाले, मशीनमन आणि अँटेना धरणारे थोरले भाऊ झिजले, ते आपण विकत घेऊन परत लावतो. मी नातीला विचारलं, का गं? ती म्हणाली, “आजोबा, नाहीतर फार स्वच्छ दिसतं हो. कुणीच काढलं नाही असं.” उत्तर मला त्या वेळी चौदा वर्षांच्या मुलीच्या मानाने चलाख वाटलं, एवढंच. त्यातलं वजन कळायला फोटो यावा लागला.

फोटो आमच्या हिच्या माहेरचा. १९६१ साली मामाच्या लग्नात काढलेला ग्रूप. चाळीस माणसं, पुढे सतरंजीवर मुलं, मधे खुर्च्यांवर वडीलधारे, मागे बायका. हिची आई मागच्या रांगेत डावीकडून तिसरी. चेहरा करंगळीच्या नखाएवढा, आणि हललेला. बाकी एकोणचाळीस माणसं कॅमेऱ्याकडे पाहून दगड झाली आहेत, आणि ही एकटी नेमक्या त्या क्षणी मान वळवते आहे. कारण पुढे सतरंजीवर बसलेली चार वर्षांची मुलगी उठून चालू लागली होती. ती मुलगी म्हणजे आमची ही. १९६६ साली आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. आईचा दुसरा फोटो नाही.

“अहो, तुमच्या त्या यंत्रात चेहरा स्पष्ट करायचं काहीतरी असेल ना?” ही म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात हिने माझ्या कलेकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली, डब्यांवर ‘हळद’, ‘तिखट’ लिहून देणे.

यादीत ‘शार्पन’ आहेच. मी फोटो आत घेतला आणि बोट सरकवलं. वीस टक्के, पन्नास टक्के, ऐंशी टक्के. चेहऱ्यावर वाळू आली, चेहरा आला नाही. याचंही कारण आहे. चित्र धारदार करायची जी जुनी रीत, ती अशी: चित्राची एक धूसर प्रत करायची, मूळ चित्र तिच्याशी ताडून बघायचं, आणि जिथे फरक पडेल तिथे तो वाढवायचा. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवर धूसर पॉझिटिव्ह ठेवून फोटोवाले हे करत. म्हणजे कड कुठेतरी असावी लागते, मग ती ठळक करता येते. मुळातच नसेल तर यंत्र ठळक काय करणार? कण ठळक करतं. नातीने खटपट करून पाहिली. ब्लूम दिला, कॉन्ट्रास्ट वाढवला. ‘लिक्विफाय’ म्हणून एक आहे, त्यात चेहरा ओल्या मातीसारखा ढकलता येतो, फुगवता येतो, पिळता येतो. त्यातच ‘रिकन्स्ट्रक्ट’ म्हणून पुन्हा होतं तसं करायचं साधन आहे. नाव वाचून हिचे डोळे चमकले. पण ते आपणच केलेली ओढाताण परत जागेवर आणतं. १९६१ पर्यंत मागे जात नाही.

दोन बोटं टेकवली, टेकवली, टेकवली. फोटो पहिल्यासारखा झाला.

मग मी पस्तीस वर्षं मुलांना जे सांगत आलो तेच केलं. आधी नीट बघा, मग काढा. बघायला मूळ वस्तू नव्हती, तेव्हा जिने पाहिलं होतं तिला विचारायला बसलो. नाक कसं होतं? “चाफेकळी नव्हतं, पण बसकंही नव्हतं.” कपाळ? “कपाळ नाही आठवत, कुंकू आठवतं. मेणावर लावायची. घाम आला की खाली उतरायचं.” डोळे? बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, “समोरून नाही हो आठवत आई. बाजूने आठवते. ती चुलीकडे बघत असायची, आणि मी तिच्या उजव्या अंगाला बसायची.”

तीन आठवडे मी ती उजवी बाजू काढत होतो. रोज दुपारी चहानंतर ही शेजारी बसायची. “हनुवटी जरा आत.” दोन बोटं. “एवढी आत नाही.” दोन बोटं. “चमकी आणखी वर.” दोन बोटं. अडीचशे पावलांची सोय कशासाठी ठेवली आहे, ते मला त्या दिवसांत समजलं. एकदा तर म्हणाली, “बाई छान आहे, पण आई नाही.” इतकी परखड परीक्षक सरकारने इंटरमीजिएटला कधी पाठवली नाही. पाठवली असती तर निकाल शून्य टक्के लागला असता.

एका दुपारी ती काहीच बोलली नाही. गालाची हाडं, कानामागे खोचलेली बट, घामाने ओघळलेलं कुंकू, सगळं जागच्या जागी होतं. ही बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आईच आहे. पण थांबलीये.”

मी कांडीवर टिचकी मारली. ‘मोशन ब्लर’ घेतला. हलत्या वस्तूचा फोटो फरफटतो तसा हा इफेक्ट चित्र फरफटवतो. ज्या दिशेला बोट सरकेल त्या दिशेला. त्यात ‘पेन्सिल’ म्हणून पर्याय आहे, म्हणजे सगळ्या चित्राला न देता हवा तिथेच इफेक्ट घासता येतो. सतरंजीवरची मुलगी उठून जिकडे निघाली असेल तिकडे बोट सरकवलं, सहा टक्के. आणि घासला तो फक्त पदराच्या काठावर, कानाजवळच्या बटेवर आणि हनुवटीच्या कडेला. डोळ्याला हात लावला नाही.

“आता,” ही म्हणाली, आणि उठून आत गेली. त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा झाला.

संध्याकाळी नात क्लासहून आली. बघून म्हणाली, “आजोबा, ब्लर काढायला घेतलेला ना? सगळं करून परत ब्लरच केलात?” मी काही बोलण्याआधी आतून उत्तर आलं, “तुला कुणी हाक मारली आणि मी वळून बघितलं नाही, असं कधी झालंय का गं?” नातीने थोडा विचार केला, आणि चित्राची एक प्रत आपल्या फोनवर पाठवून घेतली.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला गॉसची गरज लागली नाही. परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि निमंत्रणपत्रिकेवर फोटो घालायचा आहे. फोटो लख्ख होता. आजकालचे फोन चेहऱ्यावरची माशीसुद्धा सोडत नाहीत. तीच त्यांची तक्रार. पोट जरा कमी व्हावं, कपाळाच्या वर काही दिसावं. मी लिक्विफायमधलं ‘पिंच’ घेतलं, पोट आत गेलं. ‘क्लोन’ घेतलं आणि कानामागचे केस उचलून टाळूवर लावले. पाच मिनिटं.

“एवढंच?” ते जरा नाराजीने म्हणाले. “सासूबाईंच्या चित्राला तीन आठवडे लावलेत म्हणे.”

“तिथे नव्हतं ते आणायचं होतं,” मी म्हटलं. “तुमचं आहे ते घालवायचंय. त्याला यंत्र पुरतं.”

त्यांनी चष्मा लावून चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

“मग दातही जरा घाला की,” ते म्हणाले, “यंत्रच करणार आहे तर.”